लेम्युएल शॉ : निकालपत्रांच्या कडेनं

अमेरिकेत रोजच्या जगण्याला भिडणारा बहुतेक कायदा राज्यांचा असतो. करार, अपघात, जमीन, शाळा, लग्न, खून, सगळं राज्याच्या न्यायालयात. एकोणिसाव्या शतकात तर वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाशी सामान्य माणसाची गाठ क्वचितच पडे. त्या काळात कोण कोणाला काय देणं लागत होता, हे पाहायचं असेल तर राज्याच्या एखाद्या न्यायाधीशाची निकालपत्रं हाती घ्यावीत. मी लेम्युएल शॉ यांची घेतली. 1830 ते 1860 अशी तीस वर्षं ते मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश होते. त्यांच्या नावावर सुमारे 2200 निकालपत्रं आहेत.

*

जन्म 9 जानेवारी 1781, केप कॉडवरच्या बार्नस्टेबलचा. वडील पाद्री. हार्वर्डची पदवी 1800 ची. मग थोडी मास्तरकी, थोडी वर्तमानपत्रातली उमेदवारी, आणि 1804 मध्ये वकिलीची सनद. बॉस्टनमध्ये जम बसायला वेळ लागला, पण बसला तो पक्का. 1822 मध्ये बॉस्टन गावाचं रीतसर शहर झालं, तेव्हा शहराच्या सनदेचा मसुदा शॉ यांनीच केला.

1830 मध्ये सरन्यायाधीश आयझॅक पार्कर वारले आणि गव्हर्नरांनी शॉ यांना विचारणा केली. वकिलीत वर्षाला 15 ते 20 हजार डॉलर मिळत होते, सरन्यायाधीशाचा पगार 3500. सिनेटर डॅनियल वेब्स्टर घरी येऊन गळ घालत राहिला, शॉ सिगार ओढत गप्प ऐकत राहिले, असं सांगतात. अखेर त्यांनी होकार दिला. या माणसाविषयी पुढं जे कडक लिहायचं आहे, त्याआधी हे नोंदवून ठेवतो. पैशासाठी किंवा बढतीसाठी त्यांनी एकही निकाल दिला, असं कुणी म्हटलेलं नाही.

*

थोराड बांधा, रुंद चेहरा, विस्कटलेले केस, खरखरीत आवाज. रुफस चोट हा त्या काळचा बॉस्टनचा नामांकित वकील त्यांच्यापुढं सतत उभा राहायचा. शॉ दिसायला ओबडधोबड आहेत, पण समोर गेलं की थोरवी जाणवते, अशा अर्थाचं त्याचं बोलणं वकीलमंडळींत पुढं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलं.

*

निकोलस फारवेल बॉस्टन अँड वूस्टर रेल्वेवर इंजिन ड्रायव्हर होता. मजुरी दिवसाला दोन डॉलर. आधी तो यंत्रकामावर होता. ड्रायव्हर झाल्यावर मजुरी वाढली. 1837 च्या ऑक्टोबरात सांधेवाल्यानं सांधा चुकीचा लावून ठेवला, इंजिन रुळावरून घसरलं आणि फारवेलचा उजवा हात चाकाखाली चिरडला. त्यानं कंपनीवर दावा लावला.

आगगाडी तेव्हा इतकी नवी होती की असा दावा मॅसॅच्युसेट्समध्ये पहिलाच. शॉ यांचं उत्तर 1842 मध्ये आलं. नोकराच्या चुकीची जबाबदारी मालकावर येते ती बाहेरच्या माणसांपुरती. गाडीतला प्रवासी जखमी झाला असता, तर कंपनीनं भरपाई द्यायची. एका नोकराच्या चुकीनं दुसऱ्या नोकराला इजा झाली तर मात्र मालक काही देणं लागत नाही. धोका ओळखूनच मजुरी ठरते. धोक्याचा मोबदला त्या दोन डॉलरांत आलाच. शिवाय नोकरांनी एकमेकांवर लक्ष ठेवावं, त्यातच सगळ्यांची सुरक्षितता.

वाचताना युक्तिवाद गुळगुळीत वाटतो, कुठं खाच सापडत नाही. पण धावत्या इंजिनावर उभा असलेला ड्रायव्हर पुढच्या सांध्यावरच्या माणसावर लक्ष कसं ठेवणार? फारवेलच्या वकिलानं नेमका हाच प्रश्न केला होता. दोघांची कामं वेगळी, एकाचा दुसऱ्यावर ताबा नाही. शॉ म्हणाले, कामांमधली अशी रेघ ओढणं कठीण आहे. कठीण असेल, पण या खटल्यात ती रेघ सगळ्यांना दिसत होती.

या नियमानं पुढं अनेक राज्यांत रेल्वे, गिरण्या आणि खाणींतल्या जखमी कामगारांना रिकाम्या हातानं परत पाठवलं. मॅसॅच्युसेट्समध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला तो 1911 मध्ये.

*

आणि त्याच 1842 च्या मार्च सत्रात कॉमनवेल्थ विरुद्ध हंट.

बॉस्टनच्या बूट शिवणाऱ्या कारागिरांची एक संघटना होती. संघटनेत नसलेल्याला जो मालक कामावर ठेवील, त्याच्याकडं काम करायचं नाही, हा तिचा नियम. सात जणांवर कटाचा आरोप ठेवला गेला आणि 1840 मध्ये खालच्या न्यायालयात न्यायाधीश थॅचर यांच्यापुढं ते दोषी ठरले. मजुरांनी एकत्र येणं हाच गुन्हा, ही जुनी इंग्रजी समजूत अमेरिकन न्यायालयांतही रुजलेली होती.

कारागिरांचा वकील रॉबर्ट रँटूल. शॉ यांनी शिक्षा रद्द केली. एकत्र येण्यात गुन्हा नाही; हेतू किंवा साधन बेकायदा असेल तरच गुन्हा. समजा, काही कामगारांनी ठरवलं की ज्या कारखान्यात दारू चालते तिथं आम्ही काम करणार नाही, तर त्याला कट म्हणायचं का? हे उदाहरण शॉ यांचंच. ज्या बॉस्टनमध्ये दारूबंदीवाल्यांच्या सभा जोरात भरत होत्या, तिथल्या सज्जनांना यावर बोलायला जागाच उरली नाही.

दोन्ही निकाल एका माणसाचे, एका सत्रातले. कामगारांच्या बाजूचे कोणते आणि मालकांच्या बाजूचे कोणते, अशी वाटणी करून शॉ समजत नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच धारणा आहे: कामगार हा स्वतंत्र माणूस, आपल्या मर्जीनं करार करणारा. तिनं हंटला तारलं आणि फारवेलला बुडवलं. पोटासाठी केलेल्या करारात मर्जी किती असते, हा प्रश्न मात्र दोन्ही निकालपत्रांत कुठंच येत नाही.

*

ब्राउन विरुद्ध केंडॉल, 1850. दोन कुत्र्यांची झुंज लागली. केंडॉल चार फूट लांबीची काठी घेऊन त्यांना सोडवायला गेला. कुत्री सरकत होती, तोही मागं सरकत होता, काठी उगारली ती मागं उभ्या असलेल्या ब्राउनच्या डोळ्याला लागली. जुन्या विचारानं इजा केली की भरपाई आलीच. शॉ म्हणाले, साधारण माणूस अशा वेळी जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली होती का, ते आधी पाहा; दोष नसेल तर देणं नाही. हलगर्जीपणाच्या अमेरिकन कायद्याचा पाया म्हणून हा निकाल तिथं आजही विद्यार्थ्यांना शिकवतात.

*

त्याच वर्षीचा खुनाचा खटला बॉस्टनमध्ये गाजला तसा दुसरा गाजला नसेल. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन वेब्स्टर यांनी डॉ. जॉर्ज पार्कमन यांच्याकडून कर्ज घेतलं होतं. 23 नोव्हेंबर 1849 रोजी पार्कमन वसुलीला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. महाविद्यालयाचा शिपाई एफ्रम लिटलफील्ड यानं वेब्स्टर यांच्या प्रयोगशाळेखालची भिंत फोडली तेव्हा आत माणसाचे अवयव सापडले. भट्टीत सापडलेली कवळी दंतवैद्य नेथन कीप यांनी ओळखली. पार्कमन यांच्यासाठी त्यांनीच ती बनवली होती. खटला पाहायला इतकी झुंबड उडाली की प्रेक्षकांना गॅलरीत थोडा थोडा वेळ बसवून पुढं सरकवत होते. मारेकरी ठरला तो प्राध्यापक हार्वर्डचा, मारला गेलेला माणूस हार्वर्डला जमीन देणारा, आणि न्यायाधीश शॉ स्वतः हार्वर्डच्या कारभारी मंडळावर. आज हे चालणार नाही.

शॉ यांनी ज्यूरीला वाजवी शंका म्हणजे काय ते समजावलं. सगळा पुरावा ताडून पाहिल्यावरही आरोप खरा असल्याबद्दल मनाची पक्की खात्री होत नसेल, तर ती वाजवी शंका. या शब्दांनी दीडशेहून अधिक वर्षं राज्य केलं. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयानं ते बदलून नव्यानं मांडले 2015 मध्ये. वेब्स्टर यांना 30 ऑगस्ट 1850 रोजी फाशी झाली, त्याआधी त्यांनी कबुली दिली होती. शॉ यांचा कल आरोपीविरुद्ध होता, ही टीका तेव्हाही झाली आणि मला ती अनाठायी वाटत नाही.

*

ॲबनर नीलंड, 1838. देवाविषयी वर्तमानपत्रात लिहिलं म्हणून साठ दिवसांची कैद. शॉ यांनी शिक्षा कायम केली. न्यायमूर्ती मॉर्टन यांनी विरोधी मत दिलं. मॅसॅच्युसेट्समध्ये ईशनिंदेसाठी तुरुंगात गेलेला नीलंड हा शेवटचा माणूस. इथं मॉर्टन यांचंच बरोबर होतं.

*

आता मेड.

1836 च्या उन्हाळ्यात न्यू ऑर्लिन्सहून मेरी स्लेटर नावाची बाई बॉस्टनला वडिलांकडं आली. सोबत सहा वर्षांची एक काळी मुलगी, मेड. लुइझियानाच्या कायद्यानं ती स्लेटर कुटुंबाची मालमत्ता. बॉस्टनच्या गुलामगिरीविरोधी महिला मंडळाला सुगावा लागला आणि हेबियस कॉर्पसचा अर्ज झाला. पोरीच्या बाजूनं एलिस ग्रे लोरिंग आणि रुफस चोट. मालकांच्या बाजूनं तरुण बेंजामिन कर्टिस. हेच कर्टिस पुढं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि गुलामगिरीच्या बाजूनं लागलेल्या 1857 च्या ड्रेड स्कॉट खटल्यात बहुमताविरुद्ध उभे राहिले.

मालकांचं म्हणणं एवढंच होतं, की आम्ही पाहुणे आहोत, थोड्या दिवसांनी परत जाऊ, आमच्या राज्याच्या कायद्याचा मान राखा. शॉ यांनी नकार दिला. गुलामगिरी निसर्गातून येत नाही, ती त्या त्या ठिकाणच्या कायद्यानं निर्माण होते आणि त्या कायद्याची हद्द संपली की संपते. मॅसॅच्युसेट्सच्या 1780 च्या संविधानात पहिल्याच कलमात सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचं म्हटलं आहे. मालकानं आपण होऊन गुलामाला इथं आणलं, तर त्याला कुणी डांबू शकत नाही आणि परत नेऊ शकत नाही. मेड मुक्त झाली.

एवढ्या थेट शब्दांत असा निकाल तोवर अमेरिकेत क्वचितच कुणी दिला असेल. दक्षिणेत संताप उसळला. निकालपत्राचा सूर शांत आहे, कुठं आवाज चढत नाही, आणि म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो.

एक अपवाद मात्र शॉ यांनी स्वतःच नोंदवून ठेवला: पळून आलेला गुलाम. त्याच्यासाठी अमेरिकेच्या संविधानात वेगळं कलम आहे.

*

तो अपवाद 1851 च्या एप्रिलमध्ये थॉमस सिम्सच्या रूपानं समोर आला.

सिम्स हा तरुण जॉर्जियातल्या सव्हानाहून जहाजात लपून बॉस्टनला आला होता. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडं परत पाठवण्याच्या 1850 च्या कायद्यानुसार 3 एप्रिलच्या रात्री त्याला पकडलं. जमावानं सोडवून नेऊ नये म्हणून कोर्टाच्या इमारतीभोवती लोखंडी साखळ्या बांधल्या. सकाळी सरन्यायाधीश आले, कमरेत वाकले आणि साखळीखालून आत गेले. गुलामगिरीविरोधी बॉस्टन ते दृश्य पुढं कधीच विसरलं नाही.

सिम्सची बाजू मांडायला रँटूल उभा होता, बूट कारागिरांना सोडवणारा तोच. या कायद्यात ज्यूरी नाही, पकडलेल्याला स्वतःची जबानी द्यायची सोय नाही, आयुष्याचा निवाडा एक कमिशनर करतो, हे सगळं त्यानं मांडलं. शॉ यांनी त्याच दिवशी निकाल दिला: कायदा घटनेला धरून आहे. राज्यं एकत्र आली तीच या अटीवर; ती अट मोडली तर संघराज्य मोडेल. 1850 च्या कायद्याला कोणत्याही न्यायालयानं सविस्तर निकालपत्र लिहून दिलेली ही पहिली मान्यता.

12 एप्रिलच्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, शेकडो पोलिसांच्या कड्यातून सिम्सला धक्क्यावर नेऊन ‘अकॉर्न’ नावाच्या जहाजावर चढवलं. 19 एप्रिलला सव्हानाला पोचल्यावर भर चौकात 39 फटके मारले.

1863 मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत सिम्स पुन्हा निसटला. 1851 मध्ये त्याला पकडून परत पाठवणारे मार्शल चार्ल्स डेव्हन्स पुढं अमेरिकेचे ॲटर्नी जनरल झाले आणि 1877 मध्ये त्यांनी याच सिम्सला आपल्या खात्यात नोकरी दिली.

*

शॉ गुलामगिरीचे समर्थक होते का? नाही. 1820 मध्येच ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’त लेख लिहून त्यांनी ती मोठी दुष्ट गोष्ट असल्याचं म्हटलं होतं. तरी 1842 मध्ये जॉर्ज लॅटिमर या पळून आलेल्या गुलामाला त्यांनी सोडवलं नाही. लोक इतके भडकले की पुढच्याच वर्षी राज्याला आपल्या अधिकाऱ्यांना गुलाम पकडण्याच्या कामात हात घालायला बंदी करणारा कायदा करावा लागला. मनाला न पटणारं, पण कायद्यानं बांधलेलं, असं म्हणून सही करणाऱ्या न्यायाधीशांवर रॉबर्ट कव्हर यांनी 1975 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात शॉ मध्यभागी आहेत.

*

कव्हर यांनी त्या पुस्तकाची सुरुवात केली ती हर्मन मेल्व्हिलपासून. मेल्व्हिल शॉ यांचा जावई. 1846 ची ‘टायपी’ ही पहिली कादंबरी त्यानं शॉ यांना अर्पण केली आणि 4 ऑगस्ट 1847 रोजी त्यांच्या एलिझाबेथशी लग्न केलं. नातं त्याहून जुनं होतं: तरुणपणी शॉ यांचं लग्न मेल्व्हिलच्या आत्याशी, नॅन्सीशी ठरलं होतं, पण ती लग्नाआधीच वारली.

जावयाची पुस्तकं खपेनाशी झाली तशी सासऱ्यानं पदरमोड केली. पिट्सफील्डचं घर घ्यायला 1850 मध्ये पैसे दिले, 1856 मध्ये युरोप आणि जेरुसलेमच्या प्रवासाचा खर्च उचलला. ‘मोबी डिक’ त्या पिट्सफील्डच्या घरात पुरी झाली. म्हणजे सिम्सला परत पाठवलं त्या एप्रिलात मेल्व्हिल सासऱ्याच्या पैशानं घेतलेल्या घरात ती लिहीत होता.

अखेरच्या वर्षांत त्यानं ‘बिली बड’ लिहायला घेतली. 1891 मध्ये तो वारला तेव्हा ती हस्तलिखितातच होती. छापली गेली 1924 मध्ये. तिच्यातला कॅप्टन व्हीर कायद्यासाठी एका निष्पाप खलाशाला फाशी देतो. व्हीर म्हणजे शॉ, असं कव्हर यांचं म्हणणं. मला ते पटतं. ज्याच्या घासातलं खाल्लं त्याच्याविषयी मेल्व्हिल तीस-पस्तीस वर्षांनी लिहीत होता, म्हणून व्हीर राक्षस झाला नाही, दुःखी माणूस राहिला.

*

आता ज्यासाठी ही वही उघडली ते.

सारा रॉबर्ट्स, वय पाच, राहणार बॉस्टन, वर्ण काळा. वडील बेंजामिन रॉबर्ट्स छापखान्याच्या धंद्यात. घरापासून काळ्या मुलांसाठी राखलेल्या स्मिथ शाळेपर्यंत जाताना वाटेत गोऱ्या मुलांच्या पाच शाळा लागत. पाचही सार्वजनिक, कराच्या पैशावर चालणाऱ्या. जवळच्या शाळेनं साराला घेतलं नाही, म्हणून वडिलांनी शहरावर दावा लावला. सार्वजनिक शाळेतून बेकायदा वगळलेल्या मुलाला भरपाई देण्याची तरतूद राज्यानं 1845 मध्ये केलीच होती. वकील दोन: चार्ल्स सम्नर, आणि त्याच्या शेजारी रॉबर्ट मॉरिस हा तरुण काळा वकील. काळ्या माणसाला सनद मिळणं हीच तेव्हा अपूर्वाई होती.

सम्नरनं 4 डिसेंबर 1849 रोजी युक्तिवाद केला. मराठी वाचकानं तो मुळातून वाचावा, कारण त्यात सम्नर थेट आपल्या घरात शिरतो. शाळांमधला हा भेद म्हणजे जात आहे, असं तो म्हणतो आणि दाखल्यासाठी हिंदुस्थानातल्या ब्राह्मण आणि शूद्रांकडं बोट दाखवतो. बॉस्टनच्या कोर्टात, 1849 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली होती. पुढं 1873 मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. सम्नर त्याच लोकांतला.

शॉ यांनी 1850 मध्ये निकाल दिला. कायद्यापुढं सगळे समान हे तत्त्व मान्य. पण समान म्हणजे सगळ्यांना सगळं सारखं असं नव्हे. मुलांची वर्गवारी करण्याचा अधिकार शाळा समितीचा, आणि तो वाजवीपणे वापरला तर न्यायालय मध्ये पडणार नाही. थोडं जास्त चालावं लागतं म्हणून नियम अवाजवी ठरत नाही. आणि पूर्वग्रह असलाच, तर तो कायद्यानं निर्माण केलेला नाही आणि बहुधा कायद्यानं बदलताही यायचा नाही.

सिम्सच्या वेळी शॉ यांच्यापुढं संघराज्याचं संविधान होतं, काँग्रेसचा कायदा होता, पळून आलेल्या गुलामांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा 1842 चा निकाल होता. हात बांधलेले होते, हे निदान म्हणता येत होतं. साराच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. काळ्या मुलांना वेगळं बसवा, असं राज्याचा कोणताही कायदा सांगत नव्हता. समोर होतं ते संविधानातलं तेच पहिलं कलम, ज्याच्या आधारानं मेड सुटली होती. तेच कलम, तेच न्यायाधीश, मध्ये चौदा वर्षं. हा निकाल शॉ यांच्यावर कुणी लादला नव्हता, तो त्यांनी मोकळ्या हातांनी दिला. म्हणून सिम्सपेक्षा रॉबर्ट्स हाच त्यांचा सगळ्यात वाईट निकाल, असं माझं मत आहे.

पूर्वग्रह कायद्यानं बदलत नाही, हे विधान बॉस्टनमध्येच पाच वर्षांत खोटं पडलं. विल्यम कूपर नेल आणि काळ्या पालकांनी अर्जांवर अर्ज केले, 1855 च्या एप्रिलमध्ये विधिमंडळानं शाळांतला वर्णभेद बंद केला आणि त्याच सप्टेंबरात मुलं एका वर्गात बसू लागली. देशात मात्र शॉ यांचे शब्द टिकले. 1896 मध्ये प्लेसी विरुद्ध फर्ग्युसनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं वेगळं पण समान हे तत्त्व उचलून धरलं, ते रॉबर्ट्सचा दाखला देऊन. 1954 मध्ये ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या निकालानं ते शाळांपुरतं मोडीत काढलं, तेव्हा या तत्त्वाचा उगम म्हणून तळटीपेत पुन्हा रॉबर्ट्सचंच नाव आलं.

*

ऑगस्ट 1860 मध्ये शॉ यांनी राजीनामा दिला, वय एकोणऐंशी. डिसेंबरात दक्षिण फुटायला निघाली तेव्हा त्यांनी इतर प्रतिष्ठितांबरोबर पत्रक काढलं: पळून आलेल्या गुलामांना संरक्षण देणारे कायदे मॅसॅच्युसेट्सनं रद्द करावेत, म्हणजे संघराज्य वाचेल. 30 मार्च 1861 रोजी ते वारले. तेरा दिवसांनी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध सुरू झालं.

*

कायद्याच्या विद्यार्थ्यांना, आणि विद्यार्थी नसलेल्यांनाही, एक विनंती. ही निकालपत्रं छापील खंडांत आहेत, फार लांबही नाहीत. मेडचं निकालपत्र पिकरिंगच्या अठराव्या खंडात 193 व्या पानापासून, साराचं कुशिंगच्या पाचव्या खंडात 198 व्या पानापासून. दोन्ही एका बैठकीत वाचा, आणि मेडचं आधी वाचा.